पोचा

सेलची नळी निम्म्याहून जास्त आत गेली आणि अडली. विजयश्रीने ती बाहेर ओढली, थोडी फिरवली, पुन्हा सरकवली. पुन्हा त्याच जागी अडली. गुरुवार होता, कंपनीची सुट्टी. सकाळचे दहा वाजून गेले होते आणि चऱ्होलीतल्या चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, टेबलावर वर्तमानपत्र पसरून, ती बापाची जुनी बॅटरी उघडून बसली होती. कंपनीत टॉर्च म्हणतात, घरात बॅटरीच म्हणत आले. तीन सेलची, पितळी, वर निकेलचा मुलामा. धरायच्या जागी तो उडून आतलं पिवळं पितळ दिसायला लागलं होतं. तिने रिकामं नळकांडं डोळ्याला लावून खिडकीकडे धरलं. समोरच्या अर्धवट इमारतीचा एक गोल तुकडा दिसला आणि त्या गोलात खालून वर आलेला एक उंचवटा, जिभेसारखा. बाहेरून हा पोचा तिला तीस वर्षं माहीत होता. डोळे मिटून बोट फिरवलं असतं तरी सापडला असता. पण आतून तिने तो कधी पाहिला नव्हता. बाहेरून तो खड्डा होता. आतून मात्र काहीतरी अंगावर येत होतं. तिने नळकांडं टेबलावर ठेवलं आणि उगाचच हात धुऊन आली.

बॅटरीचा हट्ट उद्धवरावांचा, म्हणजे आप्पांचा. आई गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, ते तिच्याकडे राहत होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि घरातले पांढरे दिवे त्यांना सोसेनात. "ह्या उजेडात माणसाचं तोंड मेल्यावानी दिसतंय," ते म्हणत. दिवसा त्यांच्याजवळ बसायला येणाऱ्या शालनबाईंनी बाजारातून एक प्लॅस्टिकची पांढऱ्या उजेडाची बॅटरी आणून दिली होती. उद्धवरावांनी ती स्वतःच्या तळहातावर मारून बघितली आणि गॅलरीतून खाली टाकली. खाली कुणाच्या डोक्यात पडली नाही एवढंच. मग त्यांनी पलंगाखालच्या ट्रंकेतून ही काढायला लावली. "माझीच चालू करून दे. तुझ्या कंपनीत दिवंच करतेत न्हवं?" करतात खरं. चाकणच्या त्या कंपनीत विजयश्री सोळा वर्षं गाड्यांचे बल्ब तपासत होती. बल्ब पेटवून ठेवायचे, आणि कोणता किती तासांनी मरतो ते बघत बसायचं. जुन्या बॅटरीचं दुखणं तिला पाठ होतं: नवे सेल घातले की बल्ब भगभगतो, तासाभरात पिवळा पडतो, मग तांबडा, मग विझत आलेल्या निखाऱ्यासारखा नुसता असतो. तिने तीन लिथियमचे सेल घेतले, त्यांच्या आणि बल्बच्या मध्ये अंगठ्याएवढं एक सर्किट बसवलं. सेलकडून काहीही येवो, ते बल्बला सातच व्होल्ट देणार, पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत. बल्ब हॅलोजनचा, सहा व्होल्टचा. सात दिले की दुपारच्या उन्हासारखा पेटतो, आयुष्य तेवढं कमी होतं. थंड तारेत एकदम करंट गेला तर ती तुटते म्हणून सर्किट तिला दोन श्वासांत हळूहळू तापवणार. प्लॅस्टिकचं भिंग वितळलं असतं म्हणून काच कापून घेतली, आतला आरसा ॲल्युमिनियमचा लावला. सगळं तिने जेवणाच्या सुट्टीत जमवलं होतं. आता फक्त सेलची ही नळी आत जात नव्हती.

पोचा पडल्यानंतरही आप्पा ती बॅटरी वापरतच होते. रोज संध्याकाळी ड्युटीला निघताना कागदी वेष्टणाचे सेल तळहाताने ठोकून आत बसवायचे. थप, थप, थप. दापोडीच्या त्या एका खोलीत तेवढा आवाज संपला, बाहेर सायकलचा स्टँड पडला, की घर बोलायला लागायचं. मराठवाड्यातल्या भूमहून येऊन ते पिंपरीच्या एका कंपनीच्या गेटवर लागले होते, कायम रात्रपाळी. दिवसा झोपायचे, आणि ते झोपले की आई, दादा आणि ती पावलं मोजून टाकायची. खोलीच्या मागून रेल्वे गेली तर आप्पा झोपेत कूस बदलत. पोरांच्या हातून चमचा पडला तर उठत. उठल्यावर कधी पट्टा असे, कधी नुसता हात. मग पुन्हा झोपत, आणि त्यांना लगेच झोप लागे, याचं तिला लहानपणी फार आश्चर्य वाटायचं. जेवताना ते गेटवरच्या गोष्टी सांगत. भंगार उचलायला भिंतीवरून येणारी माणसं कशी धरली, कशी मारली. "डोक्यात मारायचं न्हाई. डोक्यात मारलं की पोलीस येतेत. नडगीवर मारायचं, मानूस नुसता खाली बसतो." आई ऐकत असे आणि त्यांच्या ताटात भाकरी वाढत असे. दोघा पोरांना तेव्हापासून बापाच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघायची सवय लागली. पुढे तिचं लग्न झालं. नवऱ्याने एकदा, एकदाच, हात उगारला. दुसऱ्या दिवशी तो बेडरूमच्या चौकटीला हात टेकून उभा असताना तिने दार लावलं आणि दाबून धरलं. तो ओरडत होता आणि ती आतून कडीकडे बघत उभी होती. तीन वर्षांत ते लग्न संपलं. कारण विचारलं की ती सांगायची, पटलं नाही.

टेबलाच्या खणात टूलरूममधून आणलेला लोखंडी सळईचा तुकडा होता. तिने सळईचं एक टोक ओट्याच्या कडेवर पक्कं धरलं, नळकांडं तिच्यावर चढवलं आणि लाकडी हातोडीने पोच्याच्या भोवतीने हलके ठोकायला सुरुवात केली, भांडी ठोकणारे ठोकतात तसं. पितळ जुनं होतं, फुटायची भीती. ठक, ठक.

"काय करायलीस गं?" आतल्या खोलीतून आवाज आला.

"पोचा काढतेय, आप्पा."

"ऱ्हाऊ दे की. असला तर काय बिघडतंय?"

"सेल जात नाहीत."

तिने नळकांडं पुन्हा उजेडात धरलं. कडा सैल होत होत्या, पण पोच्याच्या तळाशी एक रेघ होती ती हलत नव्हती. सरळ रेघ, पट्टीने मारल्यासारखी, एका बाजूने दुसऱ्या बाजूपेक्षा खोल. सोळा वर्षं तिने मोडलेल्या वस्तू हातात घेतल्या होत्या. कशावर आपटून काय मोडलं ते मोडलेल्या जागेवरून कळतं. तिने त्या रेघेवर नखाचं टोक ठेवलं आणि तिचा हात तिथेच राहिला. डोकं गोल असतं. तेरा वर्षांच्या मुलाचं डोकं गोल असतं आणि त्यावर केस असतात, कातडी असते. पितळ त्यावर आपटलं तर असं मोडत नाही. ही कड दगडाची होती. मोरीतल्या धुण्याच्या दगडाची.

तिला ती दुपार पाठ होती असं ती समजत होती. ती अकरा वर्षांची, दादा तेराचा. आई दळण आणायला गेलेली, आप्पा पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपलेले. खिळ्याला टांगलेली बॅटरी तिनेच काढली, दादा नको नको म्हणत असताना. दोघं मोरीच्या पडद्याआड बसली. बॅटरीत तीन सेल असतात म्हणून एवढा उजेड. जास्त घातले तर? ट्रान्झिस्टरमधले तीन सेल तिने काढून आणले होते, एकापुढे एक लावून कागदात गुंडाळले होते आणि दादाच्या सायकलच्या दिव्याची वायर सोडवून घेतली होती. तिने वायर टेकवली आणि बल्ब पेटला. असा पांढरा, की मोरीतली शेवाळाची भिंत, बादलीची कड, दादाच्या गालावरची लव, सगळं एकदम जवळ आलं. एक क्षण, किंवा तेवढाही नाही. मग फट् झालं आणि काच काळी पडली. त्या क्षणात ती हसली होती, मोठ्याने. तोंडावर हात ठेवायचं सुचलंच नव्हतं. पुढे आयुष्यभर ती जे काम करत आली ते त्या क्षणासाठी, असं तिला कधीकधी वाटे. पलंग करकरला. दादाने तिच्या हातातून बॅटरी ओढून घेतली आणि उभा राहिला. पडदा सरकला. "मी केलं," दादा म्हणाला. आप्पांनी विचारलंच नव्हतं कुणी केलं म्हणून. त्यांनी बॅटरी त्याच्या हातातून घेतली आणि मारली, आणि दादा मोरीत पडला, आणि डाव्या कानातून आधी काहीच नाही आणि मग पाण्यासारखं काहीतरी आणि मग रक्त. एवढंच. तीस वर्षं एवढंच होतं. एक फटका. पुढे तो कान गेला. विसाव्या वर्षी कंपनीच्या भरतीत सगळ्यात पास होऊन दादा मेडिकलला उडाला. विजयश्री सात वर्षांनी त्याच कारखान्यांच्या पट्ट्यात दुसऱ्या कंपनीत लागली. दादाने टेम्पो घेतला.

आता हातोडी तशीच हातात धरून ती ऐकत उभी होती. आवाज दोन होते. पहिला खणखणीत, दगडावर पितळ आपटल्याचा, आणि तो मोरीत घुमत राहिला होता. दादाने मान वाकवली होती. मग मध्ये शांतता होती. त्या शांततेत आप्पांनी बॅटरी डोळ्यांसमोर धरून बघितली, पोचा आलाय का ते, अंगठ्याने चाचपूनसुद्धा बघितलं. हे तिला आत्ता दिसत होतं, लख्ख. मग दुसरा. त्याला आवाजच नव्हता, ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा. जो बसला त्याची बॅटरीवर खूणही नव्हती. हा पोचा चुकलेल्या फटक्याचा होता. पहिला फटका झोपमोड झालेल्या माणसाचा होता, तो तिला समजू शकत होता. रोज बारा तास उभं राहून आलेल्या माणसाचा. पण मधली ती शांतता? तेवढ्या वेळात माणसाला खाली बसता येतं. पाणी पिता येतं. तेवढ्या वेळात आप्पांनी बॅटरीला काही झालं नाही ना ते बघितलं होतं, आणि मग नेम धरला होता.

तिने उरलेला पोचा काढला. हलके नाही, सळईवर नळकांडं दाबून धरून सरळ रेघेच्या पाठीवर हातोडी घालत राहिली, आणि पितळ फुटलं नाही. खालच्या मजल्यावरून कुणीतरी काठीने छत ठोकलं. मग नळी सरळ आत गेली. तिने सर्किट बसवलं, वायर डागल्या, काच बसवून डोकं आवळलं. बटण सरकवलं. दोन श्वास, आणि ओट्यामागच्या फरशांवर भर दिवसा, खिडकीतून ऊन येत असताना, एक पिवळा-पांढरा गोल उभा राहिला. मीटर लावून बघितलं. सात. अर्ध्या तासाने बघितलं. सात. बॅटरीचं डोकं तोवर हात लावू नये इतकं तापलं होतं.

उद्धवराव लोखंडी पलंगावर पाय खाली सोडून बसले होते. तिने बॅटरी त्यांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी आधी अंगठा पोच्याच्या जागेवर फिरवला.

"गेला की," ते म्हणाले. "सपाट झालं."

"पेटवून बघा."

त्यांनी पेटवली. भिंतीवर मारली, कॅलेंडरवर मारली, आईच्या फोटोवर मारली आणि तिथे जरा वेळ धरली. मग सरळ तिच्या तोंडावर. तिने डोळे मिटले नाहीत. "हां," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखरच आनंदाचा होता. "आता तोंड दिसायलं बघ तुझं. म्हातारी व्हायलीस गं तू."

उजेडामागे ते तिला दिसत नव्हते. कदाचित म्हणून ती बोलू शकली. "आप्पा, दापोडीत तो बल्ब मी उडवला होता. दादाने नाही."

"म्हाईत हाय मला," उद्धवराव म्हणाले.

तिला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. "कोणता म्हणतेय मी..."

"मोरीतला. म्हाईत हाय म्हनलं की. तुझं हसनं ऐकूनच उठलो हुतो मी." त्यांनी बॅटरी थोडी खाली केली. तोंडावर कसलीच लाज नव्हती, कसलं दडपण नव्हतं. जुन्या पगाराची गोष्ट सांगावी तसे ते सांगत होते. "पोरीला कसं मारायचं? लगीन करायचं हुतं तुझं. तोंडाला काय झालं असतं मंजी? त्यो पुढं हून म्हनला मी केलं. म्हनलं, बरं हाय."

"माहीत असून मारलंत?"

"कुनाला तरी मारायला पायजे हुतं की. घराला धाक नको?"

"पहिला चुकला होता," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला शेजारच्या फ्लॅटमधून आल्यासारखा वाटला. "दगडावर बसला. मग तुम्ही थांबलात."

"मग चुकल्यावर तसंच सोडायचं?" उद्धवरावांनी तिच्याकडे बघितलं, जरा नवलाने, शिकल्या-सवरलेल्या पोरीला एवढं कळू नये म्हणून. "तसं सोडलं तर पोराला वाटतंय, चुकवता येतंय. तुझ्यावर कधी बोट उचललं का मी? सांग की. एकदा तरी?"

नाही. एकदाही नाही. ती अंगावर एकही वळ नसलेली मुलगी होती. शाळेत, चाळीत, सगळीकडे ती लाडाची म्हणून ओळखली जायची. तिला एकदम अंगावरची कातडी नकोशी झाली. दादाच्या डाव्या बाजूने चालताना तो वळून उजवा कान पुढे करायचा. ती हसून म्हणायची, सरळ चाल की. तिचं हसू. बापाला झोपेतून उठवणारं तेच हसू. ती पुढे झाली आणि आप्पांच्या हातातून बॅटरी काढून घेतली. त्यांनी ती सहज दिली. त्यांना वाटलं असेल, बंद करायला घेते आहे. नळकांडं तिच्या मुठीत असं बसलं जसं तिच्यासाठीच घडवलं होतं, आणि तिने वरून खाली मारलं. त्यांनी डावा हात मध्ये घातला. मनगटाच्या वर काहीतरी सुकी काटकी मोडल्यासारखं झालं. उजेड खोलीभर फिरला, छतावर, फोटोवर, त्यांच्या उघड्या तोंडावर. पण ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर ती थांबली असती असं तिला नंतर वाटत राहिलं, खात्री मात्र कधीच वाटली नाही. ते नुसते तिच्या हाताकडे बघत होते. तोंडाकडे नाही, हाताकडे. आणि तिने पुन्हा उचलून मारलं, त्याच हातावर, कोपराजवळ, नीट बघून. मग बॅटरी पलंगावर पडली. ती पेटलेलीच होती. चादरीला करपल्याचा वास यायला लागला तेव्हा विजयश्रीने वाकून बटण सरकवलं.

तिने त्यांना लुगड्याच्या जुन्या पट्टीने हात गळ्यात बांधून दिला, चपला घातल्या, रिक्षा बोलावली. लिफ्टमध्ये ते दोघं आरशासमोर शेजारी उभे होते. रिक्षात दोघांनीही बाहेर बघितलं. एक उसाच्या रसाचं गुऱ्हाळ गेलं, एका नव्या सोसायटीची कमान गेली, रस्त्याच्या मधोमध बसलेल्या म्हशी गेल्या. हाडाच्या हॉस्पिटलात तरुण डॉक्टरने फिल्म उजेडावर धरली. दोन्ही हाडं गेली होती. "आजोबा, कसं झालं?" त्याने विचारलं, आणि तिच्याकडेही बघितलं. विजयश्रीने तोंड उघडलं. ती सांगणार होती. उद्धवराव आधी बोलले. "मोरीत पाय सटकला," ते म्हणाले. डॉक्टर जरा थांबला आणि त्याने तसंच लिहून घेतलं. बापाने आपल्याला वाचवलं हे तिच्या ध्यानात आलं, पुन्हा एकदा, आणि तिला तिथेच भिंतीशी ओकारी आली. तोंड धुऊन तिने सुजितला, दादाला, फोन लावला.

तो दुपारी तीनला आला. टेम्पो बाहेर आडवाच लावून, खाकी शर्टाला ग्रीस लागलेलं, तसाच. आईच्या दहाव्याला तो आप्पांपासून दहा फुटांवर बसला होता. त्यानंतर दोघं समोरासमोर आले नव्हते. व्हरांड्यात ती त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि तिने सांगितलं. सगळं सांगितलं, हसणं ऐकून ते उठले होते तेही. त्यांना माहीत होतं, दादा. माहीत असून. तिला काय हवं होतं ते तिलाही नीट माहीत नव्हतं. तो रडेल, किंवा तिचा हात धरेल, किंवा निदान म्हणेल की बरं केलंस. तो बाकावर बसला. खिशातून रुमाल काढून त्याने बोटांवरचं ग्रीस पुसायला सुरुवात केली, एकेक बोट.

"किती वेळा मारलंस?" त्याने विचारलं.

"दोनदा."

"मला विचारलं होतंस?"

"दादा, मी तुझ्यासाठी..."

"मला विचारलं होतंस का, विजू?" त्याचा आवाज वाढला नाही. "चोवीस-पंचवीसचा असताना मला त्यांना उचलून आपटता आलं असतं. एका हाताने. घरातून बाहेर पडलो तो त्यासाठी. हात उचलायचा नाही म्हणून तोंड बघायचं सोडलं. आई वारली तेव्हा खांदा दिला, दहावं केलं आणि निघालो, थांबलो असतो तर मारलं असतं. तीस वर्षं मी मारलं नाही. ते माझं होतं. माझ्याकडे तेवढंच होतं." त्याने रुमालाची घडी केली. "ते तू घालवलंस."

"त्यांना माहीत होतं," ती पुन्हा म्हणाली, कारण दुसरं काही सुचेना.

"मला पण माहीत होतं," सुजित म्हणाला. "ते तुझ्याकडे बघत होते की. मारताना."

तो उठून आत गेला. ती दारातून बघत राहिली. उद्धवराव प्लास्टर घातलेला हात पोटाशी धरून स्टुलावर बसले होते, एवढेसे. सुजित त्यांच्यासमोर खाली बसला आणि चपला त्यांच्या पायांत सरकवल्या. "आप्पा, चला," तो म्हणाला. "कुठं?" "माझ्याकडे. दापोडीला. घरी मिनलला फोन केलाय, ती खाट टाकतेय." उद्धवरावांनी दाराकडे बघितलं, विजयश्रीच्या दोन्ही हातांकडे, आणि मग मुलाच्या खांद्यावर चांगला हात टेकून पटकन उठले. त्या पटकन उठण्याने तिला जे झालं ते दिवसभरात कशानेही झालं नव्हतं. ती कपडे आणून देते म्हणाली. "नको," सुजित म्हणाला, "माझे होतील त्यांना." टेम्पोच्या केबिनमध्ये चढताना आप्पांचा पाय दोनदा सुटला, सुजितने त्यांना कमरेला धरून वर घेतलं, काळजीने, एखादी काचेची पेटी चढवावी तसं. तो चेहरा दगडासारखा होता आणि हात त्या चेहऱ्याचे वाटत नव्हते. टेम्पो मागे घेताना त्याने आरशात बघितलं, तिच्याकडे नाही, मागच्या गाडीकडे.

दुसऱ्या दिवशी ती फर्स्ट शिफ्टला गेली. बल्ब पेटवले, मेलेले काढले, नवे लावले. सुपरवायझरने विचारलं, मनगटाला काय झालं, पट्टा का बांधलाय. ती म्हणाली, मुरगळलं. परतीच्या बसमध्ये, चाकणच्या चौकात ट्रकांच्या रांगेत अडकलेली असताना, सुजितचा फोन आला.

"त्यांच्या गोळ्यांतली अर्धी कोणती?"

"पांढरी. सकाळी, काही खायच्या आत. शालनबाईंकडे पाकीट देते, त्या आणून देतील."

"दे." पाठीमागे मिनलवहिनीचा आवाज येत होता, कुकरची शिट्टी. तो फोन ठेवेना.

"जेवले का?"

"भात खाल्ला. मिनलने भरवला."

"दादा, मी रविवारी शिफ्ट सुटल्यावर येऊन जाऊ?"

"घाबरतात ते," तो म्हणाला. "दार वाजलं की विचारतात कोण आलं म्हणून. काल दोनदा विचारलं."

"मग?"

"मग काय. मी सांगेन तेव्हा ये. त्याआधी नको."

"बरं," विजयश्री म्हणाली. फोन बंद झाल्यावर तिने तो डाव्या हाताने पर्समध्ये ठेवला. आपण मारलेल्या पहिल्या फटक्याबद्दल काही वाटतं का, तिने स्वतःला विचारून बघितलं. काही नव्हतं तिथे. दुसऱ्याबद्दल होतं, आणि ते कुणापुढे ठेवावं अशी दोनच माणसं होती, दोघंही दापोडीत. बस दहा फूट पुढे सरकली आणि पुन्हा थांबली. पुढच्या सीटवरची कॉन्ट्रॅक्टवरची नवी मुलगी मागे वळून म्हणाली, ताई, खिडकी लावू का, धूर येतोय. विजयश्रीने मान हलवली. मुलीने हात वर केला, खिडकीच्या कडीसाठी, आणि विजयश्री सीटवर एकदम मागे सरकली.